‘रजिस्टर्ड’ गेले, ‘नोंदणी’ उरली!

‘आर.पी.ए.डी.ने पाठवा’ हे वाक्य महाराष्ट्रातील कचेऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या उच्चारले गेले. पतसंस्थेची थकबाकीची नोटीस असो, विमा कंपनीचे पत्र असो वा भाडेकरूला जागा रिकामी करण्याविषयी दिलेली सूचना असो, वकिलाने किंवा वरिष्ठाने हे चार शब्द उच्चारले की जावक कारकुनाला पुढचे काही सांगावे लागत नसे. टपाल खात्याने १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट ही स्वतंत्र सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन केली आणि या वाक्याचा अर्थ एका दिवसात बदलला. मंत्रालये, न्यायालये, शिक्षणसंस्था आणि मोठ्या प्रमाणावर टपाल पाठविणाऱ्या ग्राहकांनी आपल्या पत्रव्यवहारात व संगणक प्रणालीत ‘रजिस्टर्ड पोस्ट’ऐवजी ‘स्पीड पोस्ट’ असा बदल करावा, असे खात्याने त्याआधीच कळविले होते. शब्द बदलणे सोपे होते. त्या शब्दामागे उभा असलेला हिशेब आणि कायदा मात्र तितक्या सहज बदलत नाही, याची जाणीव हजारोंनी पत्रे पाठविणाऱ्या संस्थांना आता होऊ लागणे स्वाभाविक आहे.

विलीनीकरणामागचे कारण उघड आहे. २०११-१२ मध्ये २४ कोटी ४४ लाख असलेली रजिस्टर्ड टपालाची संख्या २०१९-२० पर्यंत १८ कोटी ४६ लाखांवर आली होती. १९८६ पासून चालत आलेली स्पीड पोस्ट आणि तिच्याहून जुनी रजिस्टर्ड पोस्ट अशा दोन समांतर व्यवस्था चालविण्यापेक्षा एकच वेगवान, माग काढता येणारी सेवा ठेवावी, हा खात्याचा विचार व्यवहाराला धरून आहे. प्रश्न उरतो तो ग्राहकाच्या बाजूचा. जुन्या शब्दाने त्याला जे मिळत होते, ते नव्या शब्दाने आपोआप मिळते का?

उत्तर नकारार्थी आहे. रजिस्टर्ड पत्र हे व्यक्तीला दिले जात असे. पत्त्यावरील नाव ज्याचे, त्याच्याच किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाच्या हाती ते पडावे, हा त्या सेवेचा गाभा होता. स्पीड पोस्टचे पत्र पत्त्याला दिले जाते. घरातील वा कार्यालयातील कोणी सही करून ते घेऊ शकते. विलीनीकरणानंतर रजिस्टर्डचा हा गाभा ‘नोंदणी’ या नावाने स्पीड पोस्टवरील एक जादा सुविधा बनून उरला आहे. प्रत्येक पत्रामागे पाच रुपये आणि त्यावरील वस्तू व सेवा कर भरल्यास पत्र केवळ संबंधित व्यक्तीच्या अथवा तिच्या अधिकृत प्रतिनिधीच्या हाती दिले जाते. याखेरीज आणखी पाच रुपये भरून ‘ओटीपी’ची सुविधा घेता येते. पत्र घेणाऱ्याच्या मोबाइलवर आलेला क्रमांक जुळल्यावरच पोस्टमन पत्र हवाली करतो. म्हणजे खिडकीवर नुसते ‘स्पीड पोस्ट’ म्हटले तर ती रजिस्टर्ड होत नाही. ‘नोंदणीसह स्पीड पोस्ट’ असे स्पष्ट सांगावे लागते, आणि पाच हजार पाकिटांचा गठ्ठा असेल तर हे सांगणे पंचवीस हजार रुपयांचे असते. खर्च वाचविण्याच्या भरात कारकून हा रकाना रिकामा सोडण्याचा मोह होणारच.

हिशेब मांडून पाहता

१ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टचे नवे दर लागू झाले. त्याआधीची दरवाढ २०१२ मधली होती. ५० ग्रॅमपर्यंतच्या पत्राला स्थानिक दर १९ रुपये आणि देशात अन्यत्र कोठेही ४७ रुपये असा हा तक्ता सुरू होतो. विलीनीकरणाच्या वेळी वीस ग्रॅमच्या रजिस्टर्ड पत्राला पाच रुपयांचे टपाल व सतरा रुपयांची नोंदणी मिळून २२ रुपये पडत. १८ टक्के करासह २५ रुपये ९६ पैसे. त्याच दर्जाची सेवा आता घ्यायची तर ४७ अधिक ५ असे ५२ रुपये, करासह ६१ रुपये ३६ पैसे. पाच हजार नोटिसा परगावी पाठविणाऱ्या संस्थेचा खर्च १ लाख २९ हजार ८०० रुपयांवरून ३ लाख ६ हजार ८०० रुपयांवर जातो. त्याच पाच हजार नोटिसा शहरातल्या शहरात असतील तर मात्र तो १ लाख ४१ हजार ६०० रुपयेच होतो. दरवाढीची सरसकट ओरड करताना हा फरक बहुधा नजरेआड होतो.

पण खरी गंमत पुढेच आहे. मोठ्या प्रमाणावर टपाल पाठविणाऱ्याचा हिशेब पत्रांच्या संख्येइतकाच वजनाच्या टप्प्यांवर चालतो. त्याला खिडकीवर ‘स्लॅब’ म्हणतात. साध्या पत्राचा टप्पा वीस ग्रॅमचा होता आणि पुढच्या प्रत्येक वीस ग्रॅमला पाच रुपये वाढत. ए-फोर आकाराचा नेहमीचा कागद सुमारे पाच ग्रॅमचा असतो. तीन कागद आणि पाकीट एवढ्यातच पहिला टप्पा संपे. नव्या रचनेत पहिलाच टप्पा ५० ग्रॅमचा आहे, म्हणजे आठेक कागद त्याच पैशांत जातात. आणखी पुढे गेल्यास चित्र पूर्ण उलटते. २५० ग्रॅमचा लखोटा रजिस्टर्ड पत्राने पाठविला असता तर तेरा टप्प्यांचे ६५ आणि नोंदणीचे १७ मिळून ८२ रुपये लागले असते. नव्या दरांत २०० किलोमीटरच्या आत त्याला ५९, दोनशे एक ते पाचशे किलोमीटरपर्यंत ६३ आणि दोन हजार किलोमीटरच्या पलीकडे ७७ रुपये लागतात. नोंदणीचे पाच मिळविले तरी पुण्याहून ईशान्येकडील राज्यात पाठविलेला लखोटासुद्धा जुन्या ८२ रुपयांच्या वर जात नाही. करही दोन्हीकडे तोच. म्हणजे एक-दोन पानी नोटीस पाठविणारी पतसंस्था नव्या व्यवस्थेत तोट्यात आहे आणि जाडजूड कागदपत्रे पाठविणारी वकिली फर्म किंवा कंपनी बहुतेक ठिकाणी फायद्यात. दोघांनी एकाच सुरात तक्रार करण्याचे कारण नाही.

पहिल्या प्रकारच्या संस्थांपुढे एक साधा मार्ग उपलब्ध आहे. एकाच कर्जदाराला किंवा सभासदाला महिन्याभरात दोन-तीन वेगवेगळी पत्रे जात असतील आणि मुदतीचे बंधन नसेल, तर ती एका पाकिटात घालणे. ऐकायला हे किरकोळ वाटते. पण कर्जविभाग, ठेवविभाग आणि सभासद विभाग यांची जावक निराळी असलेल्या कचेरीत हे घडवून आणणे सोपे नसते.

दरपत्रकातला ‘स्थानिक’ हा शब्दही जपून वाचावा लागतो. सर्वसाधारणपणे महापालिका वा नगरपालिकेची हद्द हा त्याचा आधार मानला जातो. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचे बहुतेक पिन कोड ४०० ने सुरू होतात, परंतु महापालिका तीन आहेत. पहिले तीन अंक जुळले म्हणजे पत्र स्थानिक झाले, असे गृहीत धरून अंदाजपत्रक मांडणाऱ्याला प्रत्येक पाकिटामागे २८ रुपयांचा फटका बसू शकतो. हजारोंच्या गठ्ठ्यावर ही चूक परवडणारी नाही. मोठी यादी पाठविण्याआधी आपल्या टपाल कार्यालयाकडून स्थानिक पिन कोडांची खातरजमा करून घेणे शहाणपणाचे.

कायदा अजून जुनाच शब्द बोलतो

टपाल खात्याने शब्द बदलला तरी कायद्याच्या पुस्तकांतून तो गेलेला नाही. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचे कलम २७ या बाबतीत कळीचे आहे. एखाद्या केंद्रीय कायद्यानुसार दस्तऐवज टपालाने बजावायचा असेल, तर योग्य पत्ता लिहून, टपालखर्च आधी भरून ‘रजिस्टर्ड पोस्ट’ने पत्र पाठविल्यास ते बजावले गेले असे मानले जाते. ते पोहोचलेच नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मग समोरच्यावर येते. धनादेश न वटल्याच्या प्रकरणांत या गृहीतकाला विशेष महत्त्व आहे. बँकेकडून धनादेश परत आल्याची माहिती मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते आणि ती मिळाल्यावर पैसे भरण्यासाठी पंधरा दिवसांची मुदत असते. ‘नोटीस मिळालीच नाही’ हा या खटल्यांतील ठरलेला बचाव. सी. सी. अलावी हाजी प्रकरणात २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अचूक पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टाने पाठविलेल्या नोटिशीच्या बाजूने हे गृहीतक लागू होते, असे स्पष्ट केले. नोटीस मिळाली नाही असे म्हणणाऱ्याने न्यायालयाचे समन्स मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे भरून मोकळे व्हावे, असेही न्यायालयाने त्यात सांगितले.

सर्व कायदे मात्र एकाच भाषेत बोलत नाहीत. २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम २० साधे टपाल, रजिस्टर्ड, स्पीड पोस्ट, कुरिअर आणि इलेक्ट्रॉनिक मार्ग अशी सगळी नावे शेजारी शेजारी मांडते. दिवाणी प्रक्रिया संहितेतही समन्स बजावण्यासाठी पोचपावतीसह रजिस्टर्ड टपाल आणि स्पीड पोस्ट या दोहोंना जागा आहे. अशा ठिकाणी नाव बदलल्याने फारसे बिघडत नाही. अडचण येते ती जेथे केवळ ‘रजिस्टर्ड पोस्ट’ असे लिहिलेले आहे तेथे, आणि त्याहून अधिक खासगी करारांत. भाडेकरार, विकसनाचे करारनामे, वितरकांशी केलेले करार, संस्थांचे उपविधी यांत ‘नोटीस रजिस्टर्ड ए.डी.नेच द्यावी’ अशी कलमे वर्षानुवर्षे नकलून आलेली आहेत. ती कोणी बसून बदललेली नाहीत. अशा कलमाखाली आज साधी स्पीड पोस्ट पाठविली आणि उद्या वाद उभा राहिला, तर प्रतिपक्षाचा वकील पहिला प्रश्न ‘नोंदणी’च्या पाच रुपयांविषयीच विचारील. जुन्या सेवेशी सर्वांत जवळचे नाते सांगणारी गोष्ट आज ‘नोंदणीसह स्पीड पोस्ट’ हीच आहे. पावतीवर नोंदणीचा उल्लेख उमटला आहे की नाही, हे पाहणे त्यामुळे जावक विभागाचे कामच होऊन बसले आहे. नवे करार लिहिणाऱ्यांनी दोन्ही शब्द घातल्यास पुढचा बराच मनस्ताप वाचेल.

पत्र न पोहोचता परत येते तेव्हा पाकिटावर पोस्टमनने मारलेला शेराही असाच बोलका असतो. ‘घेणार नकार देतात, सबब परत’ आणि ‘सदर पत्त्यावर राहत नाहीत’ हे दोन शेरे कारकुनाच्या दृष्टीने सारखेच; दोन्ही पाकिटे परतीच्या पेटीत जातात. न्यायालयाच्या दृष्टीने त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. नकार म्हणजे बजावणी, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. सूचना देऊनही न उचललेले, ‘अनक्लेम्ड’ शेऱ्याचे पत्रही बजावले गेले असे धरता येते, हे के. भास्करन प्रकरणात १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. याउलट ‘पत्ता अपुरा’ हा शेरा पाठविणाऱ्याच्याच गळ्याशी येतो, कारण कलम २७ ची पहिली अट योग्य पत्त्याची आहे. परत आलेली पाकिटे न फोडता, शेऱ्यानुसार वेगळी ठेवणाऱ्या संस्था थोड्या आहेत. बहुतेक ठिकाणी ती रद्दीत जातात आणि त्यांच्यासोबत पुरावाही.

गठ्ठ्याची परिभाषा

किरकोळ ग्राहक तिकीट लावून मोकळा होतो. घाऊक ग्राहकाला निराळी परिभाषा शिकावी लागते. ‘बुक नाऊ, पे लेटर’ या योजनेत खात्याशी करार केलेला ग्राहक महिनाभर पत्रे देत राहतो आणि बिल नंतर भरतो. ‘ॲडव्हान्स’ ग्राहक आधी रक्कम जमा ठेवतो व त्यातून वजावट होते. ‘फ्रँकिंग’ म्हणजे तिकिटाच्या जागी यंत्राने उमटविलेला शुल्काचा ठसा. ‘बिझनेस पोस्ट’ या नावाखाली पत्रे गोळा करणे, पाकिटात भरणे, चिकटविणे, पत्ते घालणे ही कामे खाते मोबदला घेऊन करून देत आले आहे. नव्या घाऊक ग्राहकांना ऑक्टोबर २०२५ च्या दरांसोबत पाच टक्क्यांची विशेष सवलतही जाहीर झाली. मध्यंतरी या परिभाषेत शब्दांची मोठीच भर पडली होती. २००३ मध्ये आलेली ‘बिल मेल’ सेवा नव्वद दिवसांतून किमान एकदा जाणाऱ्या बिलांसाठी व आर्थिक विवरणांसाठी होती, तर २००५ मधील ‘डायरेक्ट पोस्ट’ ही नाव-पत्ता नसलेली जाहिरातपत्रके वस्तीतल्या घराघरांत टाकण्यासाठी. टेलिफोन आणि विजेची बिले मोबाइलवर येऊ लागल्यावर या शब्दांचे तेज ओसरले.

घाऊक टपालात दोन गोष्टींना मात्र पर्याय नाही. पहिली बारकोडची. स्पीड पोस्टचा क्रमांक तेरा वर्णांचा असतो: ‘ई’ने सुरू होणारी दोन रोमन अक्षरे, मग नऊ अंक आणि शेवटी भारताची खूण असलेले ‘आयएन’. नऊ अंकांतील अखेरचा अंक आधीच्या आठांवरून गणिताने काढलेला असतो, त्यामुळे क्रमांक लिहिण्यात झालेली चूक यंत्राला पकडता येते. रजिस्टर्ड पत्रांचे क्रमांक ‘आर’ने सुरू होत. कोणता क्रमांक कोणत्या सभासदाच्या पाकिटावर चिकटला, ही यादी संस्थेकडे जपून ठेवलेली नसेल तर ‘पोहोचले’ अशी नोंद दाखवून काही उपयोग नाही. कोणाला पोहोचले, हेच सांगता येत नाही. घाईने चिकटविलेली लेबले एका ओळीने सरकली की पुढच्या शेकडो पाकिटांचा पुरावा दुसऱ्याच्याच नावावर पडतो.

दुसरी गोष्ट पिन कोडची, आणि ती तर मराठी माणसाचीच देणगी. संस्कृतचे व्यासंगी व कवी असलेले श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल व तार मंडळावर वरिष्ठ अधिकारी असताना त्यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट १९७२ रोजी ही पद्धत सुरू झाली. सारख्या नावांची गावे, निरनिराळ्या लिपींत लिहिलेले पत्ते यांतून वाट काढण्यासाठी सहा अंक पुरेसे ठरले. पहिला अंक विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा वर्गीकरणाच्या जिल्ह्याचा आणि शेवटचे तीन टपाल कार्यालयाचे. ४० ते ४४ ने सुरू होणारे क्रमांक महाराष्ट्राचे. त्यांतच ४०३ गोव्याचा. घाऊक टपाल पिन कोडनुसार आधीच लावून दिले तर वर्गीकरणाच्या टप्प्यावरचा त्याचा मुक्काम कमी होतो. मे २०२५ मध्ये खात्याने चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनालाही ओळख देणारी दहा वर्णांची ‘डिजिपिन’ पद्धत जाहीर केली आहे. परंतु ज्या संस्थांच्या याद्यांत ‘हनुमान मंदिराजवळ, मु. पो. अमुक’ एवढाच पत्ता आणि पिन कोडच्या जागी शून्ये आहेत, त्यांनी आधी वेलणकरांचे सहा अंक भरून घेतलेले बरे.

दिवाळी अंकांचे काय?

शब्दांच्या या उलथापालथीचा सर्वांत अनपेक्षित चिमटा मराठी प्रकाशकांना बसला आहे. ‘बुक पोस्ट’ हा शब्द मराठी घरांना लग्नपत्रिकांवरून ठाऊक. छापील मजकूर, न चिकटविलेले पाकीट आणि स्वस्त दर अशी ती सोय होती. पुस्तकांसाठीची ही सवलतीची सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. प्रकाशक व वाचक यांच्यातून नाराजी व्यक्त झाल्यावर १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ आली. तिचे दर तीनशे ग्रॅमपर्यंत २० रुपये ते पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा, असे आहेत आणि पुस्तकांचा मागही काढता येतो. पुस्तकांपुरती ती चांगलीच आहे. अट अशी की मजकूर शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक वा धार्मिक हवा, त्यावर मुद्रक किंवा प्रकाशकाचे नाव हवे, आणि पुस्तकांच्या याद्या व किरकोळ निवेदने वगळता जाहिराती असलेले प्रकाशन चालत नाही. आता जाहिरातींशिवाय दिवाळी अंक निघतो कोठे? संपादकांची अर्धी उमेद जाहिराती मिळविण्यातच खर्ची पडते.

नियतकालिकांसाठी टपालाची जुनी सवलत निराळी आहे. नोंदणीकृत वृत्तपत्राच्या ५० ग्रॅमपर्यंतच्या एका प्रतीला २५ पैसे हा दर वर्षानुवर्षे चालत आला. अंकाच्या तळाशी छापलेला नोंदणी क्रमांक आणि टपालात टाकण्याची ठरलेली तारीख ही त्याची खूण. पण ती नियमित निघणाऱ्या आणि रीतसर नोंदलेल्या नियतकालिकांसाठी. वर्षातून एकदाच निघणारा आणि ही नोंदणी नसलेला दिवाळी अंक या चौकटीत बसत नाही. जाहिरातींमुळे ज्ञान पोस्ट नाही, नोंदणी नसल्याने नियतकालिकाचा दर नाही. चारशे ग्रॅमचा अंक पुण्याहून नागपुरास स्पीड पोस्टने धाडायचा तर अंतर पाचशे किलोमीटरच्या पलीकडे जाते. ऑक्टोबर २०२५ च्या तक्त्यानुसार ८२ रुपये आणि कर मिळून ९६ रुपये ७६ पैसे होतात. अंकाच्या किमतीच्या तुलनेत हा खर्च लहान प्रकाशकाला झेपणारा नाही. ‘किरकोळ निवेदन’ कशाला म्हणायचे आणि ‘जाहिरात’ कशाला, याचा खुलासा खात्याकडून सविस्तरपणे मागून घेणे एवढाच मार्ग प्रकाशकांच्या संघटनांपुढे आहे. तो मागायचा तर दिवाळीच्या बराच आधी मागावा लागेल. अंक छापून तयार झाल्यावर खिडकीवर वाद घालण्यास वेळ नसतो.